फळ्यावरचे मास्तर आणि फोनमधल्या काकू

वाशीम जिल्ह्यात दोन मोठे समीक्षक राहतात, असं मी पुण्यात सांगितलं तेव्हा लोकांनी आधी वाशीम कुठे आलं ते विचारलं, आणि मग समीक्षक तिथे काय करतात ते. पुण्यात समीक्षक काय करतात हा प्रश्न मात्र कोणालाच पडत नाही.

पहिले रिसोडचे देवराव मास्तर. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. बाजाराच्या कोपऱ्यावर सायकलदुरुस्तीच्या दुकानाला टेकून एक काळा फळा उभा असतो. मास्तर रोज सकाळी त्यावर खडूने चार-पाच ओळी लिहितात. काल गावात जे काही झालं, म्हणजे नाटक, कीर्तन, सत्कार, गणपतीची आरास, त्यावरचं त्यांचं मत. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसतात आणि नवं लिहितात. "काल नाटक झालं. पडदा चांगला होता. पडला तेव्हा आणखी चांगला वाटला." एवढंच. ते नाटक त्या तालुक्यात पुन्हा झालं नाही.

दुसऱ्या कामरगावच्या गोदाकाकू. भाजीपाल्याची वाडी करतात आणि लिहीत काहीच नाहीत. त्या फोनवर बोलतात, आणि तो आवाज भजनी मंडळांच्या, महिला मंडळांच्या, लग्नघरांच्या ग्रुपांवरून जिल्हाभर फिरतो. एकेक मत पाव-पाव तासाचं. कधी कोणाला वाईट म्हणत नाहीत. एका महाराजांच्या कीर्तनावर त्यांचं मत मी ऐकलंय: "आइका बाई, महाराजाचा आवाज असा गोड, असा गोड, का पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या साऱ्या झोपल्या. नाही त म्हाताऱ्यायले झोप येते कुठी आजकाल? लय पुन्याचं काम केलं महाराजानं." महाराजांनी त्यानंतर ढोलकीवाला बदलला.

एका दिवाळी अंकाच्या संपादक मित्राने या दोघांची तुलना करणारा लेख मागितला आणि मी निघालो. हे वरचं कारण. खालचं कारण मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मी फार बोलणारा माणूस नाही, त्यामुळे ते सोपंही गेलं.

माझ्या बायकोचा, निर्मलाचा, भाऊ वसंता शिरपूर जैनला राहतो. पिठाची गिरणी चालवतो आणि खंजेरीवर भजन म्हणतो. म्हणजे म्हणायचा. दोन दिवाळ्यांपूर्वी मी त्याच्यावर एक विनोदी कथा लिहिली. भजनस्पर्धेत एक गिरणीवाला हौसेने वरची पट्टी धरतो, भजन मध्येच कोसळतं, आणि श्रोत्यांत बसलेली त्याची बायको कानात कापसाचे बोळे घालते. कथेत त्याचं नाव बोळेबुवा. नाव बदललं होतं. गाव, गिरणी आणि बायकोच्या लुगड्याचा रंग बदलायचं राहून गेलं.

कथा गाजली, कारण या दोघांनी ती उचलली. गोदाकाकूंनी पोट धरून कौतुक केलं. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं: "शिरपूरच्या गिरणीवर कथा आली. वाचून हसलो. गिरणीवाल्याची आठवण आली. मग नाही हसलो." म्हणजे ज्यांनी कथा वाचली नव्हती त्यांनाही गिरणीवाला कोण ते कळलं. एकीने कौतुक करून आणि एकाने कीव करून वसंताला घरोघर पोचवलं. पोरं गिरणीसमोरून 'बोळेबुवा' ओरडत जायला लागली. वसंताने गाणं सोडलं. निर्मला तेव्हापासून माहेरी गेली नाही. ती माझ्याशी भांडलीही नाही, हे जास्त वाईट होतं.

तर माझा बेत असा होता: लेखात दोघांना थोर म्हणायचं, आणि त्या बदल्यात दोघांकडून वसंताबद्दल एकेक चांगला शब्द मिळवायचा. समीक्षकाला खूश ठेवायची रीत मराठीत जुनीच आहे. मी फक्त तिच्यासाठी एवढा लांबचा प्रवास केला.

निघताना निर्मला म्हणाली, "वसंताला माझा निरोप वगैरे काही नको. तुमचा काय असेल तो तुम्ही द्या."

कामरगाव

बडनेऱ्याला रेल्वेतून उतरून एसटीने कामरगावला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. काकूंची वाडी गावाला लागूनच. वांगी, मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर, इडलीशी काही संबंध नाही). काकू बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. गळ्यात दोरी, दोरीला प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फोन. मला वाटलं होतं तशा त्या साध्याभोळ्या मुळीच नव्हत्या. मी नाव सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "माहा फोटो मोठा छापसान ना?"

आमच्याकडे पुण्यात 'काय काम होतं?' हे दार न उघडता जाळीतून विचारतात. इथे आधी पाणी आलं, मग चहा, मग ताट. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तिच्यावर कच्च्या तेलाची धार, आणि ठेचा. ठेचा आम्ही बोटाच्या टोकाने चाखतो, इथे भाजीसारखा वाढतात. नको म्हणायचं धाडस मला कधी होत नाही, म्हणून खाल्ला. काकूंचे यजमान नामदेवकाका माझ्याकडे बघत शांतपणे जेवत होते. ताटं उचलल्यावर काकूंनी विचारलं, "हं, आता सांगा. काहून आले?"

मी तुलनेचं सांगितलं. त्या खुलल्या.

"मास्तरासंग माही बरोबरी? करा ना बाप्पा, करा. पन मास्तराचं कसं हाये, पाच ओळी लेह्यते. खटल्याच्या घरात पाच वांग्याइची भाजी पुरते का? आन दुसऱ्या दिशी पुसून टाकते. रोज पुसनारा मानूस रोज खोटं बोलाले मोकळा. माहं बोलनं पाहा, एकदा गेलं का गेलं. चार वर्सांआंधीचं अजून फिरून राह्यलं. काल मलेच आलं."

"दोघं कधी भेटलात?"

"कायले? त्याच्या फळ्याचा फोटू येते मले रोज."

मग मी कथेचा विषय काढला. त्या परत हसल्या, पदराने डोळे पुसेपर्यंत. "लय हासली मी. पन एक सांगू का, राग येनार नाही ना? तुमच्या कथेत सगळ्यात झ्याक काय असन त थे कापसाचे बोळे. आन सारं खरं हाये, फक्त तेच खोटं हाये."

माझ्या हातातली सुपारी हातातच राहिली. "कशावरून?"

"अजी, मी बायको हाये ना कोनाची! यायचं घोरनं चाळीस वर्सं झाले आइकून राह्यली." नामदेवकाकांनी मान डोलावली. "बाईले बोळे घालाचे असते त भजनाच्या आंधीच घालून बसली असती. नवरा पडल्यावर घालत नाही. तवा त बाई कान देऊन आइकते, घरी गेल्यावर त्याले काय सांगाचं म्हून."

खरं होतं. वसंताच्या बायकोने, कमलवहिनींनी, कानाला हातही लावला नव्हता. कथेला शेवट नव्हता म्हणून मी त्यांच्या कानात कापूस घातला होता.

"मग कळलं होतं तर त्याचंच एवढं कौतुक का केलंत?"

"झ्याक होतं म्हून केलं! खोटं बोलले थे तुमी. मी हासली, थे माहं."

मी धीर करून माझी मागणी पुढे केली: वसंताबद्दल दोन चांगले शब्द बोला. काकूंनी जुडी बांधायची थांबवली. "आइकल्याबिगर?"

"तुम्ही बऱ्याचदा न ऐकताच बोलता, असं लोक म्हणतात."

"बोलतेच. निम्मं मी शेजारनीच्या तोंडून आइकून बोलते. पन आइकल्याबिगर वाईट बोलते मी. चांगलं नाही बोलत. तेवढा धरम पाळते. त्याले गाऊ द्या आंधी."

एवढं बोलून त्यांनी हाक मारली, "मोटर बंद!" नामदेवकाका उठले आणि विहिरीवरचा पंप बंद केला. काकू बोलायला लागल्या की वाडीला पाणी मिळत नाही, असं नंतर काकांनी मला सांगितलं. त्यांचं दिवसभरातलं ते एकच वाक्य. काकूंनी फोन तोंडाशी धरला, "आइका हो, आज आपल्या वाडीत पुन्याचे लेखक आले," आणि नेमका त्याच क्षणी ठेच्याने मला गाठलं. मला उचकी लागली. जबरदस्त. काकू थांबल्या नाहीत. "हा आवाज त्याइचाच हाये. दोन घास ठेचा खाल्ला बिचाऱ्यायनं. मानूस चांगला हाये, पन तिखट दुसऱ्याले वाढाची सवय हाये, स्वतः खायाची नाही."

मी उचक्या देत बसलो होतो. माझ्याच शैलीवरचं इतकं नेमकं वाक्य मी चाळीसेक परीक्षणांत वाचलं नव्हतं.

रिसोड

कारंजा, मंगरूळपीर, वाशीम असं करत रिसोडच्या गाडीत बसलो. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमीच का ते उचकीवाले?"

मागच्या सीटवरच्या बाईने फोन पुढे करून माझी उचकी मलाच ऐकवली. अर्धी गाडी हसली. मीही हसलो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. वसंता दोन वर्षं काय ऐकत होता याची एक चमचाभर चव मला त्या गाडीत मिळाली. पण मला रिसोडला उतरून जाता येणार होतं, त्याला गिरणीतून कुठे उतरता येणार?

रिसोडला सोयाबीनचा हंगाम. बाजारात पोत्यांच्या थप्प्या, हमालांची घाई, सगळीकडे बारीक फोलाची धूळ. फळा लगेच सापडला, कारण तिथे सात-आठ माणसं मान वर करून उभी होती. त्या दिवशीचा मजकूर: "बॅनरवर फोटो एकवीस. वाढदिवस एकाचा. बाकीचे कायले हसून राह्यले?"

बॅनर समोरच होता. एकविसांपैकी दोघं फळ्यासमोर उभे राहून तो मजकूर वाचत होते आणि एकमेकांना 'तुले म्हनलं' असं सांगत होते.

मास्तर सायकलच्या दुकानात स्टुलावर बसलेले. उंच, वाळके, बोटांच्या पेरांत खडू मुरलेला. गोदाकाकूंसारखं त्यांनी फोटोचं विचारलं नाही. "लेख किती शब्दांचा?" असं विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाले, "निम्मे काढा."

गोदाकाकू त्यांना ठाऊक होत्या. ते त्यांचं बोलणं रोज ऐकतात, पण फोनचा वेग दुप्पट करून. "बाई हुशार हाये. पन बोलते. बोलनाऱ्याले पुसता येत नाही. माह्या चुका मी दुसऱ्या दिशी धुतो. तिच्या चुका लगनात वाजतात."

"पण तुम्ही पुसता म्हणजे जबाबदारी संपते, असं त्या म्हणतात."

"म्हनू दे. लोकाइले पाठ असते माहं. पुसल्यावर जास्त पाठ होते."

मी विचारलं, एवढ्या कार्यक्रमांना या वयात कसे जाता? मास्तर पहिल्यांदा हसले. "जातो कोन? जाऊन पाह्यलं त दया येते. लेहनं होत नाही."

म्हणजे काकू न ऐकता बोलतात आणि मास्तर न बघता लिहितात, अशी ही आमची समीक्षा. मला बरं वाटलं. थोर माणसं जवळून आपल्यासारखीच निघाली की प्रवासाचा खर्च वसूल झाल्यासारखा वाटतो.

पण बरं वाटणं फार टिकलं नाही. वसंताचं नाव काढल्यावर मास्तरांनी हात पुढे केला. "कथा हाये का जवळ?" पिशवीत अंक होता, लेखकाच्या पिशवीत तो नेहमी असतोच. मास्तरांनी चष्मा चढवला आणि शाळेत हजेरी घेतात तशी पानं उलटली.

"खंजेरी गिरणीवाल्याच्या हाती. बरोबर. पेटीवाला पांडू, त्याचं टक्कल लेहलं तुमी. ढोलकवाला, त्याची तंबाखू लेहली. मागं कोरसाले चार जन, त्याइची धोतरं लेहली. टाळ कोन वाजवत होतं?"

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायला लागलो.

"चाळीस वर्सं पोराइची चित्रं तपासली मी. घर काढते, झाड काढते, बकरी काढते. घर कोनाचं म्हनून इचारलं त म्हनते माहं. मंग तू कुठी हायेस त्याच्यात? थे कुठीच नसते." त्यांनी अंक मिटला. "टाळाबिगर भजन होत नाही. कोन होतं टाळावर?"

मी तांब्या उचलला आणि पाणी प्यायलो. बराच वेळ प्यायलो. मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही.

त्यांना जे सांगितलं नाही ते इथे सांगतो. टाळावर मी होतो.

मंडळाचा टाळकरी त्या दिवशी तापाने आजारी होता. वसंता म्हणाला, भाटवे बसतील. भाटवे म्हणजे बहिणीचा नवरा. मला टाळ येतो, लहानपणी मामाकडे शिकलो होतो. मी वसंताच्या मागे बसलो. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्या कडव्यात पांडूच्या टकलावर दिवा चमकला आणि माझ्या डोक्यात एक वाक्य आलं. चांगलं वाक्य होतं. मी ते मनात घोळवायला लागलो, त्याला दुसरं जोडायला लागलो, आणि हात मागे पडला. वसंताने एकदा वळून पाहिलं. मी त्याच्याकडे बघून हसलो. त्याला वाटलं चूक आपली. त्याने खंजेरी माझ्या टाळाला जुळवून घेतली. ढोलक जुन्याच तालात राहिला. पुढच्या चार ओळींत सगळं एकमेकांवर कोसळलं, आणि ते सावरायला वसंताने जी वरची पट्टी धरली, तिच्यात त्याचा आवाज फाटला. लोक हसले. ते भजन मी पाडलं होतं. मग घरी येऊन, ते कसं पडलं याची विनोदी कथा लिहिली आणि टाळ गाळला.

मी जे वरून घातलं ते काकूंना दिसलं. जे काढून टाकलं ते मास्तरांना दिसलं. एवढीच माझी तुलना, आणि लेखासाठी संपादकाला हवी होती त्या शब्दसंख्येत ती बसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात आलूबोंडा आणि झणझणीत तर्री घेऊन बसलो होतो तर शेजारचा माणूस माझ्याकडे पाहून उठला आणि बाहेर जाऊन फळा वाचून परत आला. मीही गेलो. "पुण्याचे लेखक आले. तुलना करणार म्हणाले. एक प्रश्न विचारला. तांब्याभर पाणी प्यायले."

शिरपूर जैन

रिसोडहून मालेगावच्या जीपने शिरपूर जवळ आहे. फार जवळ आहे. उतरल्यावर मी सरळ वसंताकडे जायला हवं होतं. मी आधी जुनं जैन मंदिर बघायला गेलो. लांबलांबून आलेले यात्रेकरू होते, गुजराती, मारवाडी. त्यांच्यातल्या एका काकांनी मला दर्शनाची रांग, भोजनशाळा, सगळं समजावून सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं, खांब पाहिले, पायऱ्या पाहिल्या, बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो, चपलेचा अंगठा शिवून घेतला. चपलेचा अंगठा शाबूत होता. मोच्याने तसं सांगितलं, तरी शिवून घेतला.

मग गिरणी.

पट्टा फिरत होता, सगळीकडे पीठ, तीन-चार बाया गव्हाचे डबे घेऊन उंबऱ्यावर बसलेल्या. वसंता पांढराफटक, माझ्याकडे पाठ करून उभा. मी हाक मारली, त्याने ऐकली नाही. पुढे गेलो तेव्हा दिसलं. त्याच्या दोन्ही कानांत कापसाचे मोठमोठे बोळे होते.

मला वाटलं, माझी थट्टा करतोय. मग लक्षात आलं, मी येतोय असं त्याला कळवलंच नव्हतं.

त्याने मला पाहिलं, गिरणी बंद केली, एकेक बोळा काढून खिशात ठेवला. "या, भाटवे." तेवढंच. कमलवहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ठीक आहात का, ताई कशी आहे, काही नाही.

मी बोलायला लागलो. सुरुवात गोदाकाकूंच्या पद्धतीने केली, म्हणजे बडनेऱ्यापासून. गाडी कशी उशिरा आली, ठेचा कसा होता, काकू काय म्हणाल्या. वसंता म्हणाला, "भाटवे, गिऱ्हाईक बसून हाये."

म्हणून मास्तरांच्या पद्धतीने सांगितलं. "त्या दिवशी टाळ माझा चुकला. तुझा ताल बरोबर होता. तू माझ्यासाठी ताल सोडलास. वहिनींनी बोळे घातले नव्हते. मी खोटं लिहिलं."

डबेवाल्या बायांपैकी एकीने आपला डबा जरा जवळ सरकवून घेतला, नीट ऐकू यावं म्हणून.

"म्हंजे टाळ तुमचा चुकला?" वसंताने विचारलं.

"हो."

"पक्कं?"

"पक्कं. मी दुसऱ्याच विचारात होतो."

तो खाली जात्याच्या पेटीवर बसला. मला वाटलं होतं ओरडेल. त्याचा आवाज उलट बारीक झाला. "मले वाटलं माहा कान गेला."

"काय?"

"लोकाइच्या हासन्यानं कोनी गाणं सोडते का भाटवे? लोकं त आमच्या आज्यालेही हासत. मले वाटलं, माह्या कानात ताल राह्यला नाही. ढोलक एकीकडं आन टाळ एकीकडं ऐकू आला मले त्या दिशी. म्हनलं, गिरनीच्या आवाजानं कान खाल्ला. वाशीमले दाखवून आलो. डॉक्टरनं यंत्र लावलं, म्हने कान चांगला हाये. मले पटलं नाही. मी सोता आइकलं होतं ना." त्याने खिशावरून हात फिरवला. "तवापासून बोळे घालतो. आन गिरनी इकाले काढली. पुढच्या हप्त्यात मालेगावचा मानूस पाहाले येनार हाये."

मला ते माहीत नव्हतं. मी दोन वर्षं पुण्यात बसून आपण त्याची चेष्टा केली म्हणून कुढत होतो, आणि तो इथे कान वाचवण्यासाठी वाडवडलांची गिरणी विकत होता.

उंबऱ्यावरची म्हातारी म्हणाली, "मंग आता इकत नाही ना रे वसंता? मी दळन कुठी नेऊ?"

"थांब ना माय, मानूस बोलून राह्यला," दुसरी म्हणाली.

एवढ्यात कमलवहिनी भिंतीपासून पुढे आल्या. त्या मला कधी 'तुम्ही' सोडून बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही. "आन माह्या बोळ्याचं काय, भाऊजी? दोन संक्रांती झाल्या. हळदीकुंकवाले गेली का हर बाई मले वाणात कापूस देते. इतला कापूस झाला घरात का गादी भरली मी त्याची. त्याच गादीवर निजसान आज तुमी."

बाया हसल्या. मला वाटतं वसंताही हसला, पण पिठामुळे नक्की कळलं नाही. त्याने उठून पट्टा चढवला आणि म्हातारीचा डबा हौदात ओतला. या वेळी कानात काही घातलं नाही. मग एकेकीचा डबा घेत तो दळत राहिला. मध्येच एकदा गिरणी चालू असतानाच फोन लावला, मालेगावच्या माणसाला. "नाही म्हंतो ना! नाही इकत! आवाज? आवाज गिरनीचाच हाये, आइकू येऊन राह्यला ना तुले? मलेही येऊन राह्यला!"

जेवायला वहिनींनी पातोड्यांची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, झणझणीत भाजी केली. जावयाला नको म्हणता येत नाही, आणि वहिनींना ते चांगलं माहीत होतं. त्यांनी तिसऱ्यांदा रस्सा वाढला तेव्हा माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. "उचकी नाही लागली?" त्यांनी विचारलं. म्हणजे काकूंचं बोलणं इथेही पोचलं होतं.

दिवेलागणीला पेटीवाला पांडू आला. मग ढोलक, मग कोरसवाले. कोणी बोलावलं होतं कळलं नाही. उंबऱ्यावरच्या त्या बायांनी बहुतेक. ओसरीवर सतरंजी पडली. पांडूने माझ्याकडे बघून आपल्या टकलावरून हात फिरवला. "दिवा इकडं नका आनू रे, साहेब पुन्हा लेहतीन." मी मान खाली घातली. माफी मागायची माणसं माझ्या हिशेबापेक्षा जास्त निघाली.

मंडळाचा टाळकरी या वेळी ठणठणीत होता. मी मागे जाऊन भिंतीशी बसलो. वसंताने खंजेरी दिव्यावर शेकली, अंगठ्याने वाजवून पाहिली, आणि टाळकऱ्याच्या हातातला टाळ घेऊन माझ्यासमोर ठेवला.

"नको," मी म्हणालो.

"घ्या म्हंतो ना."

मी घेतला. दोरी बोटांतून सुटत होती, म्हणून दोन वेढे दिले. वसंताने सुरुवात केली. मी फक्त त्याच्या मानेकडे बघत होतो आणि मोजत होतो. पांडूच्या डोक्याकडे एकदाही पाहिलं नाही. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यात त्याने पट्टी चढवली, पण ढोलक, खंजेरी, टाळ एका जागी पडत राहिले, आणि भजन शेवटपर्यंत जाऊन आपल्या पायांनी थांबलं.

वसंता पुढे तोंड करूनच बसला होता. तसाच म्हणाला, "भाटवे, कसं झालं?"

सगळे माझ्याकडे वळले. कमलवहिनी दारात. मी आयुष्यभर अशा वेळी 'छान' म्हणून सुटत आलोय.

"आवाज फाटला तुझा," मी म्हणालो. "वरती गेलास तिथे. तुला ती पट्टी झेपत नाही. आधीही झेपत नव्हती."

पांडूने पेटीचा भाता मिटला. बाहेर कुठेतरी बैल घुंगरू हलवत होता.

"आन ताल?" वसंताने विचारलं.

"ताल कुठे सुटला नाही."

"मंग?" तो म्हणाला, आणि पुढचं भजन त्याने आणखी वरच्या पट्टीत धरलं. मला एखादं वाक्य सुचायच्या आत टाळ उचलावा लागला.